‘बोगदा’, डावीकडून

मी डावीकडून बोलतोय. उजवीकडचं मला विचारू नका. तो माझा प्रांत नाही. तिथे माझा जुळा भाऊ असतो आणि त्याचं म्हणणं मांडायला तो समर्थ आहे.

पेशाने मी स्पीकर. लाकडी पेटी, आत कागदी शंकू, पाठीत दोन तारा. शंकूवर एका जागी हिरडीच्या रंगाचा ठिपका आहे. नवीन माणूस हटकून विचारतो, हे काय? त्याचं उत्तर पुढे येईल. घाई नको. ज्या बँडची गाणी मी जन्मभर वाजवली, त्यालाही कधी घाई नव्हती. त्यांची काही गाणी नुसती सुरू व्हायलाच एवढा वेळ घेतात, की तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन होतो.

माझा जन्म कवळ्यांच्या कारखान्यात झाला. कारखाना हा बाबांचा शब्द. खरं तर ती एक लांबट, अरुंद खोली. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन इथे पाठवायचे. त्या मापात प्लास्टर ओतलं की जबडा तयार व्हायचा. जबड्यावर मेणात दात बसायचे, मेणाची जागा मग गुलाबी हिरडी घ्यायची, आणि शेवटी मोटारीच्या कापडी चाकावर घासून कवळी अशी चमकायची, की घालणाऱ्यापेक्षा तीच तरुण दिसावी.

दाराकडच्या टोकाला दादाचं टेबल, खिडकीकडच्या टोकाला छोटीचं, आणि बरोबर मध्ये बाबांचं. दादा बाबांचा थोरला मुलगा, छोटी धाकटी मुलगी. पुढे तिला चष्मा लागला, केस पिकले, डॉक्टर मंडळी तिला ‘मॅडम’ म्हणू लागली, तरी दादाच्या तोंडी ती छोटीच राहिली. आणि दादाच्या तोंडी जे असे तेच हळूहळू सगळ्यांच्या तोंडी येई.

टेबलं बनवून उरलेल्या फळ्यांतून सुताराने माझी आणि माझ्या भावाची पेटी ठोकली. शंकू दादाने एका बंद पडलेल्या सभागृहातून उचलून आणले. आवाज घुमू नये म्हणून पोटात काय भरायचं, यावर बराच खल झाला आणि शेवटी कारखान्यातला कापूस भरला. तो अजून माझ्या पोटात आहे. कामात बोट कापलं तर रक्त टिपायला आणलेला कापूस ड्रमचे ठोके टिपत बसला. मला वाटतं त्याचं बरंच झालं.

आम्हा दोघांना शेजारी-शेजारी टांगायचं असं ठरलं होतं. बाबांनी नाही म्हटलं.

“माझ्या डोक्यावर ही जोडी नको. एक तुझ्याकडे, एक तिच्याकडे. ज्याची हौस त्याने आपल्या डोक्यावर घ्यावी. मध्ये मला शांतता.”

अशी आमची ताटातूट झाली. मी दादाच्या डोक्यावर, दाराकडे. भाऊ छोटीच्या डोक्यावर, खिडकीकडे. वाजवण्याचं यंत्र बाबांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, कारण लांब तारेला तोच मध्य. म्हणजे शांतता हवी म्हणणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आम्ही.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या बँडमध्ये दोन गिटारवाले. गाणं ध्वनिमुद्रित करतानाच एकाला डाव्या हाताला बसवलेलं असतं, दुसऱ्याला उजव्या. गायक आणि ड्रम मधोमध, म्हणजे ते आम्हा दोघांच्या वाट्याला सारखेच येतात. पण डावा गिटारवाला माझा. फक्त माझा. उजवा काय वाजवतो, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, दोन मोटारींच्या घरघरीतून जेवढं कानी पडेल तेवढंच. फार काही पडत नाही. नुसते दणके.

पहिल्यांदा आम्ही वाजलो तेव्हा बाबांनी भिंग खाली ठेवलं, दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, “कुणाचा दात उपटतायत का, भूल न देता?”

दादा हसला. छोटीने मान डोलवायला सुरुवात केली होती, ती थांबली नाही. फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे कटकट वाजू लागले. आयुष्यातले माझे पहिले श्रोते ते. असे श्रोते पुन्हा मिळाले नाहीत. एकही जांभई दिली नाही कुणी.

*

यादीची कल्पना दादाची की छोटीची, यावरही वाद होता. मला विचाराल तर दोघांची एकदम.

डॉक्टरांकडे काम गेलं की इथे जुने जबडे साठत. त्यांतले काही निवडून दादाने त्यांच्या बुडावर पेन्सिलीने गाण्यांची नावं लिहिली. खरी नावं लांबलचक आणि परक्या भाषेतली. ही दोघांनी ठेवलेली. ‘भट्टी’. ‘गंज’. ‘राख’. ‘मुकादम’, कारण त्यात गायक सारखा हुकूम सोडतो. ‘लांबडं’, कारण ते संपतच नाही. मग भिंतीवर एक वेगळी फळी ठोकली, तिच्यावर दहा खुणा केल्या आणि जबडे क्रमाने मांडले. सगळ्यात आवडतं डावीकडे, मग पुढे उतरत दहापर्यंत. गाणं वर गेलं की जबडा उचलून पुढे ठेवायचा. फुटला तर गाणं यादीतून बाद. हा नियम.

दुसरा नियम असा, की क्रम वर्षातून एकदाच बदलायचा, गाळाच्या दिवशी. बेसिनखाली एक टाकी असते. हातातोंडाचं, भांड्यांचं सगळं प्लास्टर वाहून तिच्यात साचतं. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून ती उपसावी लागते. काम इतकं घाणेरडं, की भांडल्याशिवाय होत नाही. म्हणून दोघं कोपरापर्यंत पांढऱ्या हातांनी गाळ काढत आणि तोंडाने गाण्यांचे क्रम लावत.

“मुकादम नववं? नववं? अगं, काही लाज?”

“नववं म्हणजे उपकार समज. मी दहावं म्हणणार होते.”

“त्यातली मधली गिटार ऐकलीस कधी?”

“ऐकली. डबा घासल्यासारखी.”

“डबा तुझ्या डोक्यात आहे. रिकामा.”

“बाबा, हा बघा!”

“हात धुवा आधी,” बाबा म्हणत.

तिसरा नियम सगळ्यात कडक. पहिल्या जागेवर तेच गाणं बसेल, जे दोघांनाही पहिलं वाटेल. दोघांनाही. तोवर ती खूण रिकामी.

ती रिकामीच राहिली. कारण दादाचं पहिलं ‘बोगदा’ आणि छोटीचं पहिलं ‘पहारा’. आणि दादाला पहाऱ्यात काही दिसत नव्हतं, छोटीला बोगद्यात. एका वर्षी बोगदा दुसरं, पहारा तिसरं. पुढल्या वर्षी उलट. एवढाच काय तो तह.

त्या दोन गाण्यांना जबडेही खास होते. काम शिकताना दोघांनी पहिलं माप घेतलं ते बाबांच्याच तोंडाचं. वरचा जबडा दादाने केला. खालचा छोटीने, पुढे काही वर्षांनी, ती शिकायला बसली तेव्हा. बाबांच्या वरच्या दातांवर ‘बोगदा’ आणि खालच्या दातांवर ‘पहारा’. फळीवर ते शेजारी-शेजारी बसत आणि एकमेकांकडे पाठ केल्यासारखे दिसत.

माझं मत? मी दादाच्या बाजूचा. आणि ते त्याच्या डोक्यावर टांगलोय म्हणून नव्हे. बोगद्यात सुरुवातीला फक्त ड्रम, दुरून यावेत तसे. मग दणके सुरू होतात, आणि त्यांच्या पोटातून माझा गिटारवाला एक सूर सोडतो. हळू, खालच्या पट्टीत, अंधारात भिंतीला हात लावत चालावं तसा. गाणं जोर धरतं, गायक ओरडतो, पण तो सूर घाबरत नाही. शेवटी सगळे थांबतात आणि तो एकटाच बाहेर येतो. मी आयुष्यात बरंच काही वाजवलं आहे. त्याहून सुंदर काही वाजवलेलं नाही, हे मी ठामपणे सांगतो.

पहाऱ्यात मात्र मला काम नाही. एकच तुकडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पिठाच्या गिरणीसारखा. दादाही तेच म्हणायचा. “गिरणी चालू झाली बघ.” छोटी तिकडून ओरडायची, “आणि तुझ्या बोगद्यात काय आहे? खिळे ठोकतायत नुसते!”

एकदा वाद फार चिघळला, तेव्हा बाबांना पंच नेमलं.

“बाबा, तुम्ही सांगा. बोगदा की पहारा?”

बाबा मेणात एक सुळा बसवत होते. मान वर न करता म्हणाले, “दोन्ही एकच आहेत रे.”

“एकच?”

“एकात सूर इकडून येतो, एकात तिकडून. तेवढाच फरक.”

खोलीत असा हशा पिकला, की माझ्या तारा हलल्या. दादा डोळे पुसत म्हणाला, “जाऊ दे छोटे, बाबांना दात कळतात.” बाबांनी सुळा बसवला, तो सरळ आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं कुणी जागा बदलून बसलं कसं नाही? तुम्ही कारागीर पाहिलेले दिसत नाहीत. दादा डावखुरा, त्याची मोटार डाव्या हाताला बसवलेली. छोटीला दातांचे रंग जुळवायला खिडकीचा उजेड लागे. एकमेकांच्या स्टुलावर बसणं म्हणजे एकमेकांची चप्पल घालण्यासारखं. फिरत्या चाकाजवळ कानात वायरी घालायला बाबांची सक्त मनाई. आणि दिवसभराच्या घरघरीनंतर घरी दोघांनाही शांतताच हवी असे. एकदा तो बँड शहरात आला, दोघं मुद्दाम गेले, आणि दुसऱ्या दिवशी फुगलेली तोंडं घेऊन कामावर आले.

“बोगदा नाही वाजवलं.”

“पहारा पण नाही.”

“सगळी नवी.”

“चोर.”

त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालेलं मी पाहिलं.

*

ठिपक्याचं राहिलं. एकदा दादाने ‘भट्टी’ लावताना आवाजाचं बटण इतकं फिरवलं, की माझा शंकू फाटला. फळीवरचे जबडे थरथरत सरकले आणि राख पाचव्यावरून चौथ्या जागी गेली. दादा म्हणाला, “हा जनतेचा कौल.” छोटी म्हणाली, “फळी उतरती आहे.” तेव्हापासून प्रत्येक जबड्याखाली मेणाचा गोळा आला.

मला मात्र धड बोलता येईना. फरफर व्हायला लागली. नवा शंकू मिळत होता, दादाने आणला नाही. मला खाली उतरवून त्याने टेबलावर उताणं ठेवलं, फाटलेल्या जागी पातळ कागद चिकटवला आणि वरून हिरडीचं गुलाबी द्रावण ब्रशने फिरवलं, एखाद्या म्हातारीची तडकलेली कवळी सांधावी तसं. इतक्या हलक्या हाताने मला पुन्हा कुणी शिवलं नाही. तेव्हापासून माझ्या आवाजात थोडी हिरडी आहे, असं तो म्हणे. ती आहे. मला ती शोभते.

बाबा गेले तेव्हा मधलं टेबल हलवलं नाही. त्यावर मापांची खोकी साठू लागली. यंत्र कोपऱ्यावरच राहिलं. कॅसेटच्या जागी सीडी आली. दादाने आवडती गाणी एका सीडीवर भरून घेतली, आणि त्यात बोगदा सगळ्यात आधी. फळीवर पहिली जागा मिळत नाही, म्हणून इथे घेतली.

“लबाड,” छोटी म्हणाली.

“सीडीला नियम लागू नाहीत.”

एवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या मोटारीची आणि यंत्राची वायर त्याने एकाच बटणावर घेतली. सकाळी त्याने काम सुरू केलं की बोगदा सुरू. छोटीला रोज सकाळी खिळे ठोकलेले ऐकून दिवस काढावा लागे. एखादी डॉक्टरीणबाई फोनवर विचारायची, “मागे कोण भांडतंय?” छोटी म्हणायची, “भाऊ आहे.”

बँड म्हातारा झाला. ड्रमवाला बदलला, गायकाची पट्टी उतरली, तरी दर काही वर्षांनी नवं काहीतरी काढत राहिला. शेवटच्या नव्या अल्बममधलं एक गाणं, ‘उशीर’, दोघांनी एका बैठकीत सहावं ठरवलं.

“आवाज बसलाय याचा,” दादा म्हणाला.

“बसला नाही, सावकाश झालाय. तू जिना चढतोस तसा.”

दादा त्यावर हसला, पण जिन्याचं त्याने मनावर घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. एका सकाळी बोगदा वाजला नाही, एवढं मला आठवतं. मग फोन वाजला, छोटी उठली, आणि दार लावायचं राहिलं.

*

ती परत आली ती कामासाठी. लोकांना दात हवे होते. स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या मोटारीवर ती काम करी. दादाच्या टेबलाकडे पाहायचं टाळायची असं नाही. रोज त्यावरचं प्लास्टर पुसायची. पण स्टुलावर बसायची नाही आणि बटण दाबायची नाही. माझ्यावर धूळ बसली. कारखान्यातली धूळ पांढरी असते, त्यामुळे मी म्हातारा दिसू लागलो. खोलीच्या पलीकडे माझा भाऊही.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, अधूनमधून येऊन बसे. दोघी फार बोलत नसत. एके दिवशी तिने फळीकडे बोट दाखवलं.

“ती पहिली जागा रिकामीच ठेवणार का?”

“हं.”

“तुझं जे आहे ते ठेवून टाक ना, छोटी. आता हे थोडेच येणारेत भांडायला.”

छोटीच्या हातात मेणाचा चाकू होता. तिने तो खाली ठेवला.

“म्हणूनच ठेवता येत नाही, वहिनी.”

“म्हणजे?”

“तो समोर असताना ठेवलं असतं तर ठेवलं असतं. आता ठेवलं तर ती चोरी.”

“मग ह्यांचं ठेव.”

“मला नाही ना आवडत ते!” छोटी एकदम चिडून म्हणाली, अगदी गाळाच्या दिवशी चिडायची तशी. मग खालच्या आवाजात, “खोटं कसं ठेवू? त्याला कळलं असतं. तोंडावर हसला असता.”

छोटीने चाकू उचलला. मी वरून पाहत होतो. जिला अख्खं आयुष्य एक जागा जिंकायची होती, तिच्यासमोर ती जागा मोकळी पडली होती आणि तिला तिथे हात लावता येत नव्हता. गाळाचा दिवस जवळ आला होता. तिने या खेपेला माणूस लावून टाकी उपसून घ्यायचं ठरवलं होतं. फळीही काढून टाकणार, असं ती मापांच्या खोक्यांना सांगत होती.

त्याच आठवड्यात तिची मोटार जळाली. थोडा धूर, थोडा वास, संपलं. दुरुस्तीवाल्याने ती उचलून नेली आणि म्हणाला, बघतो. एका आजीबाईची कवळी चमकवायची तेवढी बाकी होती आणि त्या दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंचे दोन फोन झाले.

छोटी उठली. खोली ओलांडून आली. दादाच्या स्टुलावर बसली. स्टूल तिला उंच पडत होतं, पाय लोंबकळले. तिने चष्मा सारखा केला, उजव्या हाताने आजीबाईंची कवळी धरली, डावा हात पुढे केला आणि मोटारीचं बटण दाबलं.

वायरीचं ती विसरली होती.

दुरून ड्रम आले. धुळीने माझा गळा धरला होता, पण काही आवाज आपोआप निघतात. पलीकडे तिच्या रिकाम्या टेबलावर माझ्या भावाने दणके सुरू केले. छोटीने डोळे मिटून घेतले, दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखे. आणि मी तिच्या डोक्यावरून तो सूर सोडला.

तिने डोळे उघडले.

आधी तिला वाटलं असावं, सीडी वेगळी आहे. तिने यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी माझं काम करत होतो. सूर भिंतीला हात लावत चालला होता, हळू, खालच्या पट्टीत. नीट ऐकू यावं म्हणून तिने घाईने मोटार बंद केली. गाणंही बंद झालं. एकाच बटणावर ना! तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पहिल्यापासून ड्रम. या खेपेला तिने मोटार चालू ठेवली, कापडी चाक रिकामं फिरू दिलं आणि कवळी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. अंधार, दणके, गायकाचं ओरडणं, सगळ्यातून तो सूर गेला. सगळे थांबले. तो एकटा बाहेर आला.

तिने सीडी पुन्हा सुरुवातीला नेली आणि चालत आपल्या टेबलाशी गेली. तिथे खिळे. परत आली. इथे सूर. पुन्हा तिकडे. पुन्हा इकडे. मग पहारा लावलं आणि माझ्याखाली उभी राहिली. मी गिरणी चालवली. माझ्याकडे दुसरं होतंच काय.

“अरे देवा,” ती म्हणाली. “हे ऐकत होतास तू.”

तिने मधल्या टेबलावरची खोकी उतरवून जमिनीवर ठेवली. बाबांची खुर्ची ओढली. बसली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली, एक इकडून, एक तिकडून. फोन वाजत होता. तिने उचलला आणि सांगितलं, “आजीबाईंना चहा द्या. दहा मिनिटं लागतील.” तिचा आवाज ठीक होता. डोळ्यांचं सांगत नाही.

*

संध्याकाळी वहिनी आली, तेव्हा कवळी पोचती झाली होती आणि माझ्यावरची धूळ पुसलेली होती.

“वहिनी, इथे बस.”

“बाबांच्या खुर्चीत?”

“बस तर.”

“अगं, मला यातलं काही कळत नाही. डोकं उठतं.”

“बाबांनाही कळत नव्हतं. बस.”

छोटीने बटण दाबलं. वहिनी पदराशी चाळा करत ड्रम सोसत राहिली. मग माझा सूर आला आणि तिचा हात थांबला.

“हे?” ती म्हणाली. “हे तर आमचे हे आंघोळ करताना गुणगुणायचे.”

छोटी वळली. “हे? बोगदा?”

“रोज. मला वाटायचं, कुठल्यातरी जुन्या सिनेमातलं आहे. किती शांत चाल म्हणायचे मी. एकदा विचारलं पण, कुठलं गाणं हो? तर म्हणाले, कामावरचं आहे.” ती माझ्याकडे बघत राहिली. “हे ते गाणं आहे?”

“हेच.”

“आणि एवढा आरडाओरडा चाललाय त्याच्याभोवती?”

“तो रोज असतो,” छोटी म्हणाली. “तुला आतलंच ऐकवलं त्याने.”

वहिनीने पुन्हा लावायला सांगितलं. मी वाजलो. पुन्हा सांगितलं, पुन्हा वाजलो. तिसऱ्या वेळी ती सुरात सूर मिसळून गुणगुणली, थोडं चुकत, त्याचा आंघोळीतला वेग धरून. माझ्यापेक्षा तिला तो सूर जास्त पाठ होता. हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

मग छोटी फळीकडे गेली. तिने बाबांचा वरचा जबडा उचलला, खालचा उचलला. कवळी जुळवताना धरतात तसे दोन्ही हातांत धरले आणि वरचा खालच्यावर ठेवला. दात दातांत बसले. एका बाजूला जराशी फट राहिली. दोन मापांच्या मधल्या वर्षांत बाबांचे दात झिजले होते. कुणा गिऱ्हाइकाचं असतं तर तिने घासून ती घालवली असती. हे तसंच ठेवलं. खाली मेणाचा गोळा दाबला आणि बाबांचं ते अख्खं तोंड पहिल्या खुणेवर बसवलं.

“म्हणजे जिंकलं कोण?” वहिनीने विचारलं.

“बाबा,” छोटी म्हणाली.

फळीवर आता दुसरी आणि तिसरी जागा रिकामी झाली. टाकी उपसायला सांगितलेल्या माणसाला छोटीने फोन करून नको म्हणून कळवलं. मग वहिनीला म्हणाली, “गाळाच्या दिवशी जुनी साडी नेसून ये. या दोन जागा भरायच्यात. मी भट्टी म्हणणार आहे, तू नाही म्हण.”

“मी का नाही म्हणू? मला ऐकू तरी दे आधी.”

“तेच तर,” छोटी म्हणाली आणि वहिनीला दादाच्या स्टुलावर बसवलं.

*

आज मी जिथे होतो तिथेच आहे, दाराकडे, त्याच खिळ्यावर. छोटीची मोटार दुरुस्त होऊन आली, तरी दुपारनंतर ती दादाच्या टेबलावर काम करते. स्टुलाचे पाय तिने कापून घेतले. डाव्या हाताच्या मोटारीवर तिची कवळी अजून थोडी वाकडी घासली जाते. मग कवळी घेऊन ती खिडकीशी जाते आणि सरळ करते. मला आणि भावाला जवळजवळ टांगावं, असं एका डॉक्टरांनी सुचवलं होतं. छोटीने मान हलवून नाही म्हटलं. मलाही ते नको आहे. आम्ही लांब आहोत तेच बरं. मध्ये एक खुर्ची मावते.

तुमच्या घरातही कुणाचं तरी एखादं गाणं असेल, जे तुम्हाला खिळे ठोकल्यासारखं वाटतं. त्याला नावं खुशाल ठेवा. यादी करा, शेवटच्या जागी टाका, भांडा. भांडणाला माझी हरकत नाही, मी भांडणावरच वाढलो आहे. फक्त तो माणूस कुठे बसून ऐकतो, ते एकदा पाहा, आणि तो जेवायला गेला असताना त्याच्या स्टुलावर जरा टेका.

बाकी माझं सगळं ठीक आहे. कापूस जागेवर आहे, हिरडी घट्ट आहे. भट्टी अजून फाडता येईल एवढा दम आहे.

ती येतेय. हात बटणाकडे गेला. आता बोलणं पुरे. मला वाजायचं आहे.